बेकारीचा आकडा आणि आकड्याबाहेरची बेकारी : प्रस्तावना

हाताला काम नाही, काम हवे आहे आणि मिळाले तर लगेच रुजू होण्याची तयारी आहे, या तिन्ही अटी पुऱ्या करणाऱ्या माणसाला सरकारी पाहणीत बेरोजगार म्हणतात. काम करणारे आणि काम शोधणारे मिळून श्रमशक्ती होते, आणि त्या श्रमशक्तीत बेरोजगारांचे शेकडा प्रमाण किती, हा बेरोजगारीचा दर. जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षात भारतातल्या १५ वर्षे व त्यावरील लोकसंख्येसाठी हा दर ३.२ टक्के निघाला. त्याच सुमारास फ्रान्समध्ये तो ७ टक्क्यांच्या आसपास होता. एवढ्यावरून भारतात फ्रान्सपेक्षा कामाची सुबत्ता आहे असे कोणी म्हणणार नाही. मग हा आकडा नेमके काय मोजतो आणि काय मोजायचे सोडून देतो, हा या विषयाचा गाभा आहे.

आकडा खोटा नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट केले पाहिजे. प्रशिक्षित कर्मचारी घरोघर जाऊन ठरलेले प्रश्न विचारतात, उत्तरांना ठरलेले सांकेतिक क्रमांक देतात आणि ठरलेल्या सूत्राने दर काढला जातो. जे निसटते ते व्याख्येतून निसटते. बेकारी भत्ता नसलेल्या देशात गरीब माणसाला बेकार राहणे परवडत नाही. तो मिळेल ते, मिळेल तितके आणि मिळेल त्या मजुरीत करतो, आणि तसे केले की व्याख्येप्रमाणे तो रोजगारात जमा होतो. बेकार म्हणून नोंद होण्यासाठी थांबण्याची ऐपत लागते. मागे बापाची नोकरी, आजोबांची पेन्शन किंवा थोडी जमीन लागते. म्हणूनच भारतात शिकलेल्यांची बेकारी नोंदीत मोठी दिसते आणि निरक्षरांची जवळजवळ दिसत नाही.

या व्याख्यांमागे मोठा वाद होऊन गेला आहे. पहिल्या पंचवार्षिक योजनांत देशातील बेकारीचा एकच आकडा दिला जाई आणि प्रत्येक योजनेअखेर तो फुगलेला दिसे. अर्थतज्ज्ञ एम. एल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९७० मध्ये स्पष्ट सांगितले की, स्वतःची शेती, घरचा धंदा आणि रोजंदारी यांची अशी सरमिसळ असलेल्या देशात एका आकड्याने काही कळत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीने १९७२-७३ पासून बेरोजगारी वेगवेगळ्या कालावधींच्या आधारे मोजायला सुरुवात केली ती या शिफारशीनंतर. सध्याची नियतकालिक श्रमशक्ती पाहणी एप्रिल २०१७ मध्ये सुरू झाली असली, तरी पाया तोच आहे.

पहिली मोजणी वर्षाची. मागच्या ३६५ दिवसांत बहुतेक काळ माणूस काय करत होता, हे पाहिले जाते. त्याला जोडून दुय्यम कामही धरले जाते. वर्षातला बराच काळ कामाविना गेला, पण कुठे तरी ३० दिवस काम झाले, तर तो माणूस रोजगारातला ठरतो. वर्तमानपत्रांत मथळा होणारा ३.२ टक्के हा दर या मोजणीचा. दुसरी मोजणी आठवड्याची. मागच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी निदान एक तास काम केले असेल, तर त्या आठवड्यापुरता माणूस रोजगारात. २०२३-२४ मध्ये या पद्धतीने दर ४.९ टक्के आला. तिसरी मोजणी दिवसाची. तिच्यात माणसे न मोजता माणसांचे अर्धे-पूर्ण दिवस मोजले जातात. २००४-०५ च्या पाहणीत एकाच वर्षी, त्याच घरांतून मिळालेल्या उत्तरांवरून हे तीन दर अनुक्रमे २.३, ४.४ आणि ८.२ टक्के निघाले होते. वाया गेलेल्या श्रमाच्या सर्वांत जवळ जाते ती तिसरी मोजणी. सार्वजनिक चर्चेत तिचाच उल्लेख सर्वांत कमी होतो, ही खेदाची गोष्ट आहे.

हे सगळे प्रत्यक्षात कसे घडते, ते समजून घ्यायला कोल्हापूरच्या उत्तरेला पंचगंगेकाठी वसलेला कसबा बावडा ही उत्तम जागा आहे. बावडा महापालिकेच्या हद्दीत आहे, पण त्याने गावपण सोडलेले नाही. एका बाजूला उसाची शिवारे, दुसरीकडे छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखाना, मधल्या गल्ल्यांत म्हशींचे गोठे, आणि त्याच परिसरात डी. वाय. पाटील समूहाची अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालये. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती रोज ये-जा करण्याच्या अंतरावर आहेत. शेतकरी, हंगामी साखर कामगार, फौंड्रीतला ठेक्यावरचा मजूर, धार काढणारी बाई आणि पदवी घेऊन भरतीची तयारी करणारा मुलगा एकाच गल्लीत, कित्येकदा एकाच घरात राहतात. दडलेल्या बेरोजगारीच्या जेवढ्या जाती अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडतात, त्या जवळजवळ सगळ्या इथे शेजारी शेजारी नांदतात.

याच बावड्यातल्या लक्ष्मी-विलास राजवाड्यात १८७४ मध्ये शाहू महाराजांचा जन्म झाला. कोणाला कोणते काम मिळते हा प्रश्न केवळ बाजाराचा नाही, तो सत्तेचा आणि जातीचाही आहे, हे त्यांनी २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने राज्यकारभारात आणले. कोल्हापूर संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी ठेवल्या. त्यांच्याच काळात १९०६ मध्ये शाहू मिलची उभारणी सुरू झाली, शाहूपुरीची गूळ बाजारपेठ वाढली आणि राधानगरी धरणाचे काम हाती घेतले गेले. धरणाच्या पाण्याने ऊस वाढला, उसामागून गुऱ्हाळे आली आणि साखर कारखाने आले. आजचा बावड्यातला रोजगार बराचसा या पाण्याने आखून दिलेला आहे. कापड गिरणी मात्र एकविसाव्या शतकाच्या आरंभी बंद पडली.

उसाच्या शेतीपासून सुरुवात करणे योग्य, कारण अर्थशास्त्रज्ञ जिला प्रच्छन्न किंवा छुपी बेरोजगारी म्हणतात ती इथे सर्वांत खोलवर मुरलेली आहे. समजा, तीन भावांत मिळून दीड एकर बागायत आहे. लावण, भरणी, खताचे डोस, पाण्याच्या पाळ्या, पाला काढणे ही कामे ठरावीक दिवसांत येतात आणि संपतात. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो. त्यातल्या बहुतेक दिवसांत मोटर चालू-बंद करणे एवढेच काम असते, आणि तेही विजेच्या वेळापत्रकावर. तोडणी तर घरच्यांच्या हातात नसतेच; ती कारखान्याने पाठवलेली टोळी करते. एवढ्या रानाला एक माणूस पुरतो. तरीही पाहणी कर्मचारी आला की तिन्ही भाऊ ‘शेती करतो’ असे सांगतात, आणि ते खरेही असते. सातबाऱ्यावर तिघांची नावे आहेत आणि तिघेही रानात जातात. पाहणीत थोरल्याला स्वतःच्या उद्योगात काम करणाऱ्याचा क्रमांक मिळतो, धाकट्या दोघांना बहुधा घरच्या उद्योगातील मदतनिसाचा. बेकार कोणीच नाही. मिळालेले एकाच माणसाचे काम तिघांनी वाटून घेतलेले असते आणि उसाचे बिलही तिघांत वाटले जाते.

ही कल्पना मुळात शेतीसाठी मांडली गेली नव्हती. १९३६ मध्ये केंब्रिजच्या जोन रॉबिन्सन यांनी मंदीच्या ब्रिटनकडे पाहून ती मांडली. कारखान्यातून कमी झालेले कुशल कामगार फेरीचा किरकोळ धंदा किंवा बागेतली पडेल ती कामे करू लागतात. ते कामावर दिसतात, पण त्यांची उत्पादकता आधीच्या कामाच्या कितीतरी खाली गेलेली असते. १९५० च्या दशकात रॅग्नर नर्क्स आणि आर्थर ल्यूइस यांनी हा विचार आशियातल्या दाट लोकवस्तीच्या शेतीला लावला. शेतीतून काही माणसे काढून घेतली तरी उत्पादन घटणार नाही, मग त्यांना धरणे-रस्ते बांधायला किंवा कारखान्यांत का लावू नये, असा त्यांचा प्रश्न होता. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ मध्ये त्याला आव्हान दिले. १९१८-१९ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत भारतात प्रचंड मनुष्यहानी झाली आणि त्यानंतर पेरणीखालचे क्षेत्रही घटले. माणसे खरोखर जास्तीची असती तर ते घटले नसते, असा त्यांचा युक्तिवाद. अमर्त्य सेन यांनी या वादात महत्त्वाचा भेद केला. एक माणूस गेल्यावर उरलेले अधिक तास राबून काम पुरे करू शकतात. तेव्हा माणूस जास्तीचा असू शकतो, पण म्हणून त्याच्या श्रमाचा तास निरुपयोगी ठरत नाही. बावड्यातल्या तीन भावांना हा भेद नेमका लागू पडतो. त्यातला एक शिरोलीला कामाला लागला तर ऊस तेवढाच निघेल, कारण उरलेले दोघे सकाळ-संध्याकाळ त्याच्या वाटचे काम उरकतील. यात त्या भावाच्या आळसाचा काहीच संबंध नाही. जमीनच तेवढी आहे. महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आले. पिढीगणिक वाटण्या झाल्या आणि त्याच रानाने अधिक माणसांना ‘शेतकरी’ हे नाव दिले. शहराच्या कडेची जमीन बिगरशेती होऊन तिचे प्लॉट पडतात, तिथे तर नाव शेतकऱ्याचे उरते आणि रान उरत नाही.

ज्या उसात घरच्या माणसाला वर्षभर काम नाही, तोच ऊस तोडायला दूरच्या दुष्काळी भागातून, विशेषतः बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून, जोडपी येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. हंगामात हे मजूर पहाटेपासून रात्रीपर्यंत राबतात आणि उन्हाळ्यात गावी परतले की काम शोधत फिरतात. वर्षाच्या हिशेबात ते रोजगारातले. अतिश्रम आणि बेकारी एकाच माणसाच्या एकाच वर्षात असू शकतात, ही गोष्ट दरात दिसत नाही.

कारखान्याच्या फाटकाच्या आतही हंगाम आहेच. साखर कामगारांत कायम आणि हंगामी अशी जुनी विभागणी आहे. गाळप साधारण चार-पाच महिने चालते; बॉयलर विझला की हंगामी कामगार घरी जातो. ज्याचे नाव हंगामी यादीवर आहे त्याला बंद काळात अल्पसा रिटेन्शन भत्ता मिळतो, ठेकेदाराच्या माणसाला तोही नाही. जनगणनेत १८३ दिवसांपेक्षा कमी काम असलेल्याला सीमांतिक कामगार म्हणतात, त्यामुळे निदान तिथे हे अपुरेपण नोंदले जाते. श्रमशक्ती पाहणीत मात्र हंगामाचे महिने आणि घरच्या शेतीचे दिवस मिळून त्याचे वर्ष पुरे झालेले दिसते. शिवाय २०११ नंतर जनगणना वेळेवर झाली नाही, म्हणजे त्या जुन्या आकड्यांवरच भागवावे लागले.

फौंड्रीच्या कामगाराची गोष्ट थोडी वेगळी आहे. वाहन उद्योगाची मागणी घसरली की ऑर्डरी कमी होतात, पाळ्या कमी होतात, आठवड्याच्या सुट्ट्या एकाच्या दोन होतात. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ या कायद्याने ले-ऑफच्या काळात निम्मी भरपाई ठरवून दिली, पण ५० पेक्षा कमी कामगारांच्या आणि हंगामी स्वरूपाच्या आस्थापनांना त्यातून वगळले. कोल्हापूर परिसरातल्या अनेक छोट्या शॉपमध्ये कामगारांची संख्या एवढीच असते, आणि ठेक्यावरच्या माणसाला तर ‘उद्या येऊ नको’ इतकेच सांगितले जाते. कर्मचारी राज्य विमा योजनेखाली २०१८ पासून नोकरी गेलेल्या विमाधारकाला ९० दिवसांपर्यंत काही रक्कम देण्याची सोय आहे. ज्याचा विमाच उतरवलेला नाही त्याला तिचा उपयोग नाही.

मुंबईच्या गिरण्यांनी ही स्थिती फार पूर्वी पाहिली होती. तिथला बदली कामगार रोज पाळीच्या वेळी फाटकावर हजर राहायचा. कायम कामगार गैरहजर असेल तर आत जायचा, नाही तर परत. त्याच्याकडे कार्ड होते, गिरणीत नाव होते, काम मात्र महिन्यातल्या काही दिवसांचे. कोकण, सातारा, कोल्हापूर भागातली हजारो तरुण मुले वर्षानुवर्षे बदलीवर राहिली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या, तेव्हा त्यातले कित्येक जण गावाकडच्या शेतीत परतले. तिथे ते पुन्हा ‘शेतकरी’ म्हणून नोंदले गेले. मार्च २०२० मधल्या टाळेबंदीनंतर देशभर हेच मोठ्या प्रमाणावर घडले. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत शहरी बेरोजगारीचा आठवडी दर २० टक्क्यांच्या वर गेला आणि पुढे उतरला. पण शेतीतल्या कामगारांचा देशातला वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४६.१ टक्के झाला. औद्योगिकीकरण होणाऱ्या देशात हा वाटा घटत जायला हवा. तो वाढतो आणि त्याच वेळी बेरोजगारीचा दर उतरतो, तेव्हा बेकारीचा मोठा भाग शहरातून रानात गेला असेच समजले पाहिजे.

दडलेल्या बेरोजगारीचा सर्वांत मोठा साठा बायकांच्या श्रमात आहे, आणि तिथे मोजणीही सर्वांत डळमळीत होते. बावड्यातल्या बाईचा दिवस गोठ्यापासून सुरू होतो. वैरण आणणे, शेण काढणे, धार काढणे, दूध संस्थेत घालणे. त्याच्या मागेपुढे स्वयंपाक, धुणी-भांडी आणि मुले. श्रमशक्ती पाहणीत केवळ घरकाम करणाऱ्या बाईला ९२ हा क्रमांक आहे. घरकामाबरोबर सरपण, भाजीपाला, चारा गोळा करणाऱ्या किंवा घरच्यासाठी शिवणकाम करणाऱ्या बाईला ९३. हे दोन्ही क्रमांक श्रमशक्तीच्या बाहेरचे. विकायच्या दुधासाठी म्हैस सांभाळणारी बाई मात्र २१ क्रमांकाची, म्हणजे घरच्या उद्योगातली बिनपगारी मदतनीस आणि रोजगारातली. वैरणीचा भारा आणि दुधाची चरवी यांच्यामध्ये कुठे तरी ही सीमारेषा जाते, आणि बाई कोणत्या बाजूला पडेल ते प्रश्न कसा विचारला आणि उत्तर घरातल्या कोणी दिले यावर अवलंबून राहते. दुधाचे बिल बहुधा घरातल्या पुरुषाच्या नावावर निघते.

हे लक्षात घेतले की अलीकडच्या एका मोठ्या बदलाकडे सावधपणे पाहता येते. देशातल्या स्त्रियांचा श्रमसहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो ४१.७ टक्के झाला. एवढी वाढ एवढ्या थोड्या काळात हा खरोखर लक्षणीय बदल आहे आणि अदृश्य राहिलेले श्रम नोंदीत येऊ लागले असतील तर त्याचे स्वागतच करायला हवे. पण याच काळात एकूण रोजगारातील घरच्या बिनपगारी मदतनिसांचा वाटा १३.६ वरून १९.४ टक्क्यांवर गेला. नव्याने मोजल्या गेलेल्या बायकांपैकी फार मोठ्या संख्येला पगाराचे पाकीट मिळालेले नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या छत्राखाली भरलेल्या १९ व्या सांख्यिकी परिषदेने २०१३ मध्ये ठरवले की मोबदला वा नफा यासाठी केलेले काम तेवढा रोजगार, घरच्या खाण्यापुरते उत्पादन हे श्रम असले तरी रोजगार नव्हे. भारतीय पाहणी घरच्या खाण्यापुरते पिकवणाऱ्यांनाही रोजगारात धरते. दोन्ही पद्धतींना आपापली कारणे आहेत. मात्र एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या देशाशेजारी ठेवून तुलना करणे चुकीचे आहे.

आता उरतो शिकलेला तरुण. दिसणारी आणि दडलेली बेकारी इथे एकमेकींत मिसळतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये पदवीधर तरुणांतील बेरोजगारी २९.१ टक्के होती, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. वर सांगितलेले थांबण्याच्या ऐपतीचे गणित या दोन आकड्यांत उघड होते. महाराष्ट्रात हे थांबणे स्पर्धा परीक्षेच्या रूपाने होते. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. २०२४ च्या पोलीस भरतीत सुमारे साडेसतरा हजार जागांसाठी साडेसतरा लाखांहून अधिक. एका जागेमागे शंभर किंवा दोनशे मुले, आणि त्यातली पुष्कळ मुले चार-पाच वर्षे हेच करत असतात. अभ्यासिकेत बसलेला, पहाटे मैदानावर धावणारा मुलगा पाहणीत काय सांगतो यावर सगळे ठरते. ‘काम शोधतोय’ म्हणाला तर बेरोजगार. महाविद्यालयात कुठल्या तरी अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊन ठेवला असेल आणि ‘शिकतोय’ म्हणाला तर विद्यार्थी, म्हणजे श्रमशक्तीच्या बाहेर. उसाच्या हंगामात घरच्या रानात महिनाभर राबला असेल तर वर्षाच्या मोजणीत तो रोजगारातलाही ठरू शकतो. पूर्वी सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवून कॉलची वाट पाहणारी पिढी होती. आता नोंदणी ऑनलाइन झाली. त्या नोंदींवरून बेकारी मोजणे कधीच भरवशाचे नव्हते, कारण नोकरी लागलेलेही नाव काढत नाहीत आणि आशा सोडलेले नाव घालत नाहीत.

आशा सोडलेल्यांचा प्रश्न व्याख्येच्या दृष्टीने सर्वांत अवघड आहे. काम शोधणे थांबवलेला माणूस बेरोजगारांतून वजा होतो आणि दर सुधारतो. एखाद्या गावातल्या सगळ्या बेकारांनी एकाच दिवशी हताश होऊन शोध सोडला, तर त्या गावाचा दर शून्यावर येईल. अमेरिकेचे श्रम सांख्यिकी कार्यालय म्हणूनच मुख्य दराबरोबर आणखी व्यापक दर दरमहा जाहीर करते. त्यात हताश झालेले आणि पूर्णवेळ न मिळाल्याने अर्धवेळ राबणारे धरले जातात, आणि तो मुख्य दराच्या दुपटीच्या जवळपास असतो.

नोकरी मिळाली तरी ती पुरी असतेच असे नाही. तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक नेट-सेट किंवा पीएच. डी. होऊन घेतलेल्या तासांपुरते मानधन घेतो. सुट्ट्यांचे, परीक्षांच्या दिवसांचे त्याला काही मिळत नाही. विनाअनुदानित शाळेतला शिक्षक अनुदान येईल या आशेवर नाममात्र पगारात वर्षे काढतो. दोघेही आठवड्यात एका तासाहून कितीतरी अधिक काम करतात, तेव्हा आकड्यात त्यांच्याविषयी कसलीच तक्रार उरत नाही. मोजणीच्या शास्त्रात याला न्यून रोजगार म्हणतात. समाजाने त्यांच्या शिक्षणावर केलेला खर्च आणि त्यांना मिळणारे काम यातली दरी कोणत्याच दरात मोजली जात नाही, आणि ती मोजली गेली पाहिजे.

पूर आला की व्याख्येतली आणखी एक फट उघडी पडते. पंचगंगेची पातळी जिथे मोजतात तो राजाराम बंधारा बावड्याचाच; तिथे ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेले. अशा आठवड्यात बंद राहिलेल्या वर्कशॉपच्या मालकाने सात दिवसांत एक तासही काम केले नाही, तरी ‘काम आहे, पण काही कारणाने केले नाही’ या सदरात तो रोजगारातच राहतो. त्याच्याकडे रोजंदारीवर येणारा मजूर मात्र त्याच आठवड्यात बेकार ठरतो. पुराने दोघांचेही उत्पन्न बुडवले.

दडलेली बेकारी उघडी करण्याचा एक मार्ग पाहणीच्या कागदाबाहेरचा आहे, आणि तो महाराष्ट्राने शोधला. काम मागेल त्याला काम द्यायचे आणि किती माणसे येतात ते पाहायचे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली आणि पाठपुरावा केला. १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर उभी राहिली, १९७५ मध्ये तिच्यासाठी शहरी नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला गेला आणि १९७७ मध्ये कायदा झाला. पगारातून दरमहा कापला जाणारा तो कर ही शहराने खेड्यातल्या बेकारीची घेतलेली जबाबदारी होती. त्या काळात हे मोठेच धाडस होते. खडी फोडायला, पाझर तलाव आणि बांधबंदिस्तीच्या कामावर आलेल्या लाखो माणसांत बायकांचे प्रमाण मोठे होते. पाहणीच्या तक्त्यात त्या कधी बेरोजगार नव्हत्या; जवळपास ठरलेल्या मजुरीचे काम निघाल्याबरोबर त्या आल्या. २००५ च्या केंद्रीय कायद्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी दिली, तिचे मूळ इथे आहे.

पण हमी खेड्याची होती. कसबा बावडा महापालिकेत असल्यामुळे तिथल्या भूमिहीन शेतमजुराला तिचा आधार मिळाला नाही. हद्दीच्या पलीकडच्या गावातल्या, तेच काम करणाऱ्या मजुराला तो मागता आला. प्रशासनाच्या नकाशाने शहरी ठरवलेली माणसे रोजगाराच्या दृष्टीने कित्येकदा शहरी नसतात. केरळने २०१० मध्ये अय्यंकाळी योजनेने आणि राजस्थानने २०२२ मध्ये शहरांसाठी अशी हमी देऊन पाहिली.

अर्थतज्ज्ञ राज कृष्ण यांनी १९७३ मध्ये बेकारी ओळखायला चार कसोट्या सुचवल्या होत्या: माणसाला किती वेळ काम मिळते, त्यातून किती उत्पन्न होते, आणखी काम करायची त्याची तयारी किती, आणि तो बाजूला झाला तर उत्पादन किती घटते. अर्ध्या शतकानंतरही यापेक्षा चांगली चौकट हाती आलेली नाही. सरकारी दर या चारांतल्या पहिल्या कसोटीलाही पुरते उत्तर देत नाही. कामाचे तास, मिळकत आणि अधिक कामाची तयारी यांची माहिती श्रमशक्ती पाहणीत गोळा होते. ती जाड अहवालाच्या मागच्या तक्त्यांत राहते आणि मंत्र्यांच्या भाषणात व बातम्यांत एकच दर पुढे येतो. तो दर ऐकणाऱ्याने त्याच्या शेजारी तासांचा आणि मिळकतीचा तक्ताही मागावा.

जानेवारी २०२५ पासून पाहणीची रचना बदलली असून दर महिन्याला देशाचे आठवडी दर जाहीर होऊ लागले आहेत. पहिल्यांदा जाहीर झालेला एप्रिल २०२५ चा दर ५.१ टक्के होता. नमुना निवडताना जिल्हा हा मूळ घटक धरला गेल्यामुळे कोल्हापूर जिल्ह्यासाठी स्वतंत्र अंदाज काढणे आता शक्य होत आहे. राज्य सरकारने आणि विद्यापीठांनी ते काम हाती घ्यावे, आणि घेताना हंगामाबाहेरचे महिने, बायकांचे बिनपगारी तास आणि अभ्यासिकांतली वर्षे यांचा हिशेब वेगळा मांडावा. शहरातल्या मजुराला कामाची हमी देणारा कायदा महाराष्ट्रात अजून झालेला नाही.